हाती एक दगड : ‘रस्ट’ या खेळातील पहिल्या तासाचा अभ्यास

गेल्या वर्षी एका शुक्रवारी अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला मला झोप आवरेना. सरांनी उभे केले आणि जागरणाचे कारण विचारले. “सर, काल रात्री वाइप होता,” असे उत्तर माझ्या तोंडून निघून गेले. वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. वाइप म्हणजे काय, तो कशासाठी होतो, आणि त्यानंतर माणूस प्रथम काय करतो, असे तीन प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. माझी उत्तरे अर्धवटच होती. शेवटी ते म्हणाले, “एवढे जागलात, तर त्या जागरणाचा हिशेब वार्षिकांकाला द्या.” प्रस्तुत लेख म्हणजे तो हिशेब होय.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी प्रथम त्याची तोंडओळख, मग पहिल्या तासात कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत याचे विवेचन, आणि शेवटी त्या क्रमातून मला जे उमगले ते, अशी लेखाची मांडणी केली आहे. जे विद्यार्थीमित्र या खेळात मुरलेले आहेत त्यांनी पहिला भाग गाळला तरी चालेल.

१. खेळाची तोंडओळख

‘रस्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ गंज. फेसपंच स्टुडिओज या ब्रिटिश कंपनीने हा खेळ डिसेंबर २०१३ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच लोकांपुढे ठेवला आणि खेळणाऱ्यांच्या देखत सुधारीत सुधारीत फेब्रुवारी २०१८ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरही त्यात फेरफार होतच आले आहेत. म्हणून या लेखात दिलेली वस्तूंची मापे पुढेमागे बदलली, तर वाचकांनी त्याचा दोष मला देऊ नये.

हा खेळ संगणकावर, इंटरनेटच्या आधारे, अनेकांनी मिळून खेळावयाचा असतो. प्रत्येक सर्व्हरवर एक बेट असते आणि त्या बेटावर एकाच वेळी शेदोनशे माणसे, कधी त्याहूनही अधिक, वावरत असतात. नवा खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो. हाती एक दगड आणि एक मशाल, एवढीच त्याची इस्टेट; अंगावर धड वस्त्रही नसते. त्याला भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते. रानात अस्वले आहेत, लांडगे आहेत. परंतु अस्वलापेक्षा माणसाचे भय अधिक. कारण तुमच्या गाठोड्यातले काहीच अस्वलाच्या उपयोगाचे नसते.

खेळाडूला आपला चेहरा, वर्ण किंवा लिंग निवडता येत नाही. खेळच ते नेमून देतो आणि त्या खात्यापुरते ते कायम राहते. वर्णाची ही योजना २०१५ साली आली आणि स्त्री-पुरुषभेदाची २०१६ साली. त्यावर त्या वेळी पुष्कळ वादही झाला. मला स्वतःला हा प्रकार प्रथम विचित्र वाटला. पण जन्म कोणत्या घरी घ्यावा हे तरी आपल्याला कोणी विचारले होते, असा विचार करून मी तो वाद मनातल्या मनात मिटविला.

पुढील विवेचनासाठी दोन नियम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिला नियम झोपेचा. खेळाडू संगणक बंद करून निघून गेला तरी बेटावरचे त्याचे शरीर नाहीसे होत नाही. ते असेल तेथे झोपून राहते. कोणीही येऊन त्या झोपलेल्या शरीराला मारू शकतो, लुटू शकतो. म्हणजे आपण येथे मराठीच्या तासाला बाकावर बसलेले असतो आणि तिकडे आपले दुसरे अंग कुलपाच्या भरवशावर पडलेले असते.

दुसरा नियम वाइपचा. वाइप म्हणजे पाटी पुसणे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व सर्व्हरवरची बेटे पुसली जातात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचा सुमार असतो. ज्याने महिनाभर खपून गढी उभारली तो, आणि ज्याने कालच खेळावयास सुरुवात केली तो, असे दोघेही सारखेच उघडे, हाती दगड घेऊन, नव्या बेटाच्या किनाऱ्यावर उभे राहतात. काही सर्व्हरवर वस्तू घडविण्याची शिकलेली विद्या, जिला खेळात ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात, ती तेवढी शिल्लक राहते. घरदार मात्र जाते. ही व्यवस्था क्रूर वाटली तरी तिला अर्थ आहे. पाटी पुसलीच नाही, तर आधी आलेल्यांनी सारे बेट व्यापून टाकावे आणि नंतर आलेल्याने किनाऱ्यावरच मरावे, असे होईल.

सांगावयाचे तात्पर्य, या खेळात ‘आरंभ’ ही एकदाच घडणारी गोष्ट नाही. वर्षातून निदान बारा वेळा, आणि मृत्यूमुळे त्याच्या कितीतरी पट, माणसाला शून्यातून सुरुवात करावी लागते. म्हणून आरंभाचे शास्त्र हे येथे खेळाचे अर्धे शास्त्र आहे.

२. माझी पहिली चूक

माझा आतेभाऊ पुण्याला नोकरीस आहे. त्याने नवा संगणक घेतला तेव्हा जुना मजकडे आला आणि त्याबरोबर हा खेळही आला. पहिल्या खेपेस मी कोणालाही काही न विचारता उतरलो. आपल्या घरी लहानपणापासून शिकवितात त्याप्रमाणे आधी साठवावे आणि मग खर्चावे, या न्यायाने मी दीड तास साठविले. कुऱ्हाड केली, कुदळ केली, धनुष्य केले. लाकूड आणि दगड यांचा मोठा साठा अंगावर वागविला. आता घर बांधावे म्हणून जागा शोधू लागलो, तोच झुडपाआडून कोणीतरी दोन बाण मारले. दीड तासाचा संसार दोन बाणांत गेला. पुन्हा जागा झालो तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तसाच, दगड हाती घेऊन. मारणारा कोठे, माझे कलेवर कोठे, काही पत्ता नाही.

रात्री दादाला फोन केला. सारे ऐकून घेऊन त्याने एकच विचारले, “अरे वेड्या, स्लीपिंग बॅग टाकली होतीस का?”

“नाही रे दादा. आधी थोडे सामान जमवावे म्हटले.”

“मग तू जमवीत नव्हतास. दुसऱ्यासाठी वाहून नेत होतास.”

हे वाक्य मला लागले. पण ते खरे होते. स्लीपिंग बॅग जमिनीवर अंथरून ठेवली की मेल्यावर खेळाडू तेथे जागा होऊ शकतो. ती अंथरलेली नसेल तर किनाऱ्यावर जेथे फेकले जाईल तेथून पुन्हा पायपीट. मृत्यूची किंमत दोन रकमांची मिळून होते, हे मला त्या रात्री कळले. एक, मरताना अंगावर जे होते ते. दुसरी, परत येण्याचे अंतर. मी पहिली रकमा वाढवीत गेलो होतो आणि दुसरीचा विचारच केला नव्हता.

येथून पुढे मी जे नियम सांगणार आहे त्या सर्वांचे मूळ एवढेच आहे. पहिल्या तासात मिळकत किती वाढली हे पाहू नये. नुकसान किती स्वस्त झाले हे पाहावे.

३. पहिल्या तासातील कामांचा क्रम

(अ) अंथरूण. किनाऱ्यावरून आत शिरताना रस्त्यांच्या कडेने व गवतात हेम्प नावाचे रोप आढळते. एक रोप उपटले की १० कापड मिळते आणि स्लीपिंग बॅगेला ३० कापड लागते. म्हणजे तीन रोपे. दोनचार मिनिटांचे हे काम कुऱ्हाडीच्याही आधी करावे. बॅग उघड्यावर न टाकता झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला टाकावी. एकदा वापरलेली बॅग पुन्हा वापरण्यास काही मिनिटे थांबावे लागते. म्हणून सवड होताच दुसरी बॅग थोड्या अंतरावर टाकून ठेवावी. अगदी शेजारी शेजारी दोन टाकण्यात अर्थ नाही, कारण मग दोहींनाही एकदमच थांबावे लागते.

(आ) हत्यारे. दगडी कुऱ्हाडीला २०० लाकूड व १०० दगड लागतात. दगडी कुदळीलाही तेवढेच. हाती असलेल्या दगडाने झाड पाडता येते, पण उत्पन्न कमी आणि वेळ फार. म्हणून त्या दगडाने फक्त पहिली कुऱ्हाड होईपर्यंतच काम करावे. झाडावर घाव घातला की बुंध्यावर फुलीसारखी खूण उमटते. पुढचा घाव त्या फुलीवर घालावा. खडकावर चकाकणारा ठिपका दिसतो. कुदळ त्या ठिपक्यावर मारावी. यात श्रम निम्म्यावर येतात. जमिनीवर सुटे पडलेले धोंडे वाटेत उचलीत जावे. घावांचा आवाज दूरवर ऐकू जातो, हे मात्र विसरू नये. दर दहापाच घावांनंतर मान वळवून पाहण्याची सवय जो लावून घेतो तो दोन तास अधिक जगतो.

(इ) धनुष्य. याला २०० लाकूड व ५० कापड लागते. लढाईपेक्षा त्याचा उपयोग शिकारीला अधिक. जनावराच्या चरबीत कापड मिसळून जळण होते. ३ चरबी आणि १ कापड यांतून ४ जळण मिळते. लोखंड वितळविण्याच्या भट्टीला २०० दगड, १०० लाकूड व ५० जळण लागते. म्हणजे रानडुकराच्या मागे धावणारा नवखा खरे पाहता लोखंडी दाराच्या मागे धावत असतो.

(ई) जागा. नवख्याला मोठे भग्नावशेष, ज्यांना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात, त्यांचे आकर्षण वाटते, कारण तेथे माल मिळतो. पण माल आहे तेथे माणसे आहेत. घर तेथून चालत जाता येईल इतके जवळ, पण जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेवर पडणार नाही इतके दूर असावे. पाणी जवळ असावे. बर्फाच्या प्रदेशात पहिल्या दिवशी जाऊ नये. अंगावर कपडा नसताना तेथली थंडीच माणसाला मारते.

(उ) घर. घर लहान बांधावे. दोन चौकांचे घर पहिल्या दिवसाला पुष्कळ झाले. बांधकाम प्रथम काटक्यांचे उभे राहते. मग हातोडी मारून ते लाकडी किंवा दगडी करता येते. काटक्यांचे घर कोणीही दगडाने फोडतो. लाकडी घर पेटते. म्हणून शक्य तितक्या लवकर, निदान झोपी जाण्याआधी, ते दगडी करावे. एका दगडी भिंतीला ३०० दगड लागतात. या भिंतीला आतली व बाहेरची अशा दोन बाजू असतात आणि आतली बाजू फार कच्ची असते. ती चुकून बाहेर आली तर कुदळीनेही भिंत पाडता येते. पहिल्या घरी माझी एक भिंत उलटी लागली होती, आणि ती नेमकी त्याच रात्री कोणाच्या तरी नजरेस पडली.

घरात ‘टूल कबर्ड’ नावाचे कपाट ठेवणे अत्यावश्यक आहे. त्याला १००० लाकूड लागते. या कपाटावर ज्याचे नाव, त्यालाच त्या परिसरात बांधकामाचा अधिकार. त्यात लाकूड-दगड भरून ठेवावे लागते. ते संपले की घर आपोआप झिजू लागते. कपाट म्हणजे घराचा सातबाराही आहे आणि घरपट्टीची पावतीही.

(ऊ) दार. नवख्यांची घरे भिंतींपेक्षा दारांमुळे अधिक पडतात. घराला एकच दार असेल तर बाहेर दबा धरून बसलेला माणूस ते उघडण्याची वाट पाहतो आणि तुम्हाला उंबऱ्यातच मारून आत शिरतो. म्हणून एकामागे एक अशी दोन दारे करावीत व मध्ये एक माणूस उभा राहील इतकी जागा ठेवावी. बाहेरचे लागल्याखेरीज आतले उघडावयाचे नाही. पत्र्याच्या दाराला १५० आणि अंकांच्या कुलपाला १०० लोखंड लागते. तोवर लाकडी दार व किल्लीचे साधे कुलूप चालवून घ्यावे. बंदूक मागाहून. ज्याला दार नाही त्याची बंदूक त्याची नसते.

(ए) फेऱ्या. घर झाले की रस्त्याकडेची पिंपे फोडून भंगार गोळा करावे. पुढील सर्व विद्येचे चलन तेच आहे. परंतु एका लांबलचक फेरीऐवजी चार आखूड फेऱ्या कराव्यात आणि दर फेरीअंती माल पेटीत टाकावा. अंगावर असेल ते गमवावयाचे आहे असे समजूनच बाहेर पडावे. रात्री मशाल पेटवू नये. तिच्या उजेडात तुम्हाला रस्ता दिसतो त्यापेक्षा तुम्ही इतरांना अधिक दिसता.

क्रम पुन्हा पाहिला तर ध्यानात येईल की प्रत्येक पायरी एकच काम करते आहे. बॅगेमुळे परतीचे अंतर घटते. पेटी व दार यांमुळे अंगावरचे ओझे घटते. आखूड फेऱ्यांमुळे एका वेळी बुडणारी रक्कम घटते. तासाअखेर खेळाडू श्रीमंत झालेला नसतो. पण मरण त्याला परवडू लागलेले असते.

४. परका माणूस

येथवरचे नियम कोणीही शिकवील. पुढचा भाग मला कोणी शिकविला नाही; आणि तो शिकण्याची किंमत मी दुसऱ्याला मोजावयास लावली.

माझ्या पाचव्या वाइपची गोष्ट. सारे काही क्रमाने चालले होते. बॅग टाकलेली, कुऱ्हाड व धनुष्य हाती, ओढ्याकाठी घराची जागाही हेरलेली. इतक्यात समोरून एक उघडाबोडका माणूस आला. त्याच्या हाती दगडावाचून काही नव्हते. या खेळात बोलण्याची सोय आहे, पण पुष्कळजण बोलत नाहीत. आपण निरुपद्रवी आहोत हे सांगण्यासाठी ते समोर उभे राहून दोनचार वेळा उठाबशा काढतात. त्याने तसे केले. मी धनुष्य ताणले. तो मागे सरला नाही. त्याने आपल्याजवळचे थोडे कापड माझ्यापुढे जमिनीवर टाकले आणि पुन्हा उठाबशा काढल्या. मी दोन बाण मारले.

त्याच्याजवळ निघाले थोडे कापड आणि चार अळंबी. मी ते उचलले. पाचदहा मिनिटांनी तो पुन्हा आला; त्याचीही बॅग जवळच असावी. या खेपेस तो दूर उभा राहिला आणि प्रथमच बोलला. “क्यों भाई?” एवढेच त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. थोडा वेळ थांबून तो डोंगराकडे निघून गेला, आणि महिनाभरात मला पुन्हा दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी, मी महाविद्यालयात असताना, माझे घर कोणीतरी फोडले. ते त्याने केले असे मी म्हणत नाही. कोणी केले ते मला कळलेच नाही. कळले ते एवढेच की एकटा माणूस झोपेत राखण करू शकत नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे हॉब्जची आठवण होईल. ‘लेव्हायथन’ या १६५१ च्या ग्रंथात त्याने मांडले आहे की राज्यसंस्था नसताना माणसे बळाने जवळपास सारखीच असतात. कारण दुर्बळातला दुर्बळही गुप्त कारस्थानाने किंवा इतरांशी संगनमत करून बलिष्ठाला मारू शकतो. रस्टमधल्या झोपलेल्या शरीराकडे पाहिले की हे विधान डोळ्यांपुढे उभे राहते. आणि क्रूसोचीही आठवण होईल. डॅनिएल डीफोच्या १७१९ च्या कादंबरीतला हा नायक बेटावर लागला तेव्हा फुटक्या जहाजातून त्याने हत्यारे, दारूगोळा व अन्न उतरवून घेतले. आमच्या मानाने तो सावकारच होता. वाळूत एका परक्या पावलाचा ठसा दिसताच त्याला धडकी भरली आणि त्याने आपली तटबंदी अधिक मजबूत केली. त्याच्यापाशी राखावयास पुष्कळ होते. मजपाशी काय होते? तीन रोपांचे एक अंथरूण.

याच ठिकाणी मला हिशेबातली चूक दिसली. परक्या माणसावर विश्वास टाकला आणि तो खोटा निघाला, तर नुकसान किती? पहिल्या तासात, बॅग टाकलेली असताना, ते नुकसान दहा मिनिटांचे आहे. दहाव्या दिवशी, पेट्या भरलेल्या असताना, तेच नुकसान दहा दिवसांचे होईल. म्हणजे विश्वास सर्वांत स्वस्त असतो तो पहिल्या तासात. आणि आम्ही बहुतेकजण पहिल्या तासात दिसेल त्याला मारतो, आणि पेट्या भरल्यावर, राखण होईनाशी झाली की, सोबती शोधावयास निघतो. जेव्हा वस्तू स्वस्त होती तेव्हा घेतली नाही. महाग झाल्यावर उधारीने मागतो.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर दोन स्पर्धा घेतल्या होत्या. दोन पक्ष पुनःपुन्हा समोरासमोर येतात आणि दर वेळी सहकार्य करावयाचे की दगा द्यावयाचा हे ठरवितात, असा तो खेळ होता. पहिल्या स्पर्धेत १४ आणि दुसऱ्या स्पर्धेत ६२ कार्यक्रम आले. दोन्ही वेळा जिंकला तो ॲनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा कार्यक्रम. त्याचा नियम असा : पहिली खेळी सहकार्याची, आणि त्यापुढे समोरच्याने मागल्या खेळीत जे केले तेच आपण करावयाचे. १९८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात याची कारणमीमांसा आहे. सहकार्य टिकते ते पुन्हा गाठ पडण्याचा संभव असेल तर. शेवटची फेरी कोणती हे आधीच माहीत असेल, तर शेवटच्या फेरीत दगा देण्याचा मोह होतो, आणि तो मोह एकेक फेरी मागे सरकत येतो. वाइपची तारीख सर्वांना ठाऊक असते, हे वाचकांनी येथे ध्यानात घ्यावे.

पुढच्या महिन्यात मी नियम बदलला. ज्याच्या हाती फक्त दगड आहे त्याला मारावयाचे नाही, आणि पहिली खेळी आपण देण्याची. पहिल्या माणसाला बॅगेपुरते कापड दिले. तो ते घेऊन पळून गेला. नुकसान, तीन रोपे. दुसऱ्याने कापड घेतले, बॅग टाकली, आणि तासाभराने माझ्या अर्धवट भिंतीपाशी दगडांची रास आणून ओतली. तो हिंदीत बोलत असे. कोठला, काय करतो, हे मी विचारले नाही आणि त्यानेही विचारले नाही. आम्ही हाकेच्या अंतरावर दोन स्वतंत्र घरे बांधली. कुलपाचे अंक मात्र एकमेकांना दिले नाहीत. विश्वास एकदम सगळा द्यावयाचा नसतो, तो पायरीपायरीने वाढवावयाचा असतो. दहा दिवस आम्ही बरोबर फिरलो. एक माल वाही, दुसरा पहारा देई.

मग आमची अंतर्गत परीक्षा आली. पाच दिवस मला संगणकाला हात लावता येणार नव्हता. कपाटात एका दिवसापुरतेच दगड होते, म्हणजे घर झिजत जाणार हे उघड होते. आदल्या रात्री मी त्याला दोन्ही दारांचे अंक सांगितले. सांगताना आवाज थोडा कापला, हे कबूल करतो. हसू नये, त्या दोन चौकांत माझ्या बारा रात्री होत्या.

परीक्षा संपवून आलो तेव्हा घर उभे होते. कपाट दगडांनी भरलेले होते. दारे बंद होती. मी पेट्या उघडल्या आणि एकेक वस्तू मोजली. सारे जागच्या जागी होते. मोजून झाल्यावर, मोजले याचीच मला लाज वाटली.

वाइपच्या आदल्या रात्री तो आला. शास्त्राप्रमाणे ती शेवटची फेरी. अंक त्याला पाठ होते, माझी बंदूक पेटीत होती. आम्ही दोघांनी मिळून दोन्ही घरांतला माल काढला आणि किनाऱ्यावर नेऊन, तेथे उघडेबोडके जागे होणाऱ्यांपुढे टाकला. बहुतेक जण आम्हाला पाहून पळून गेले. एकदोघांनी उचलले. मग पाटी पुसली गेली.

५. हिशेब

सरांनी मागितलेला हिशेब आता देतो. खर्चाच्या बाजूस : एक वर्षाची जागरणे, पहिल्या सत्रातले घसरलेले गुण, आणि पहिल्या तासाची झापड. जमेच्या बाजूस तीन गोष्टी. आरंभी साठवू नये, आधी परतीची सोय करावी. बंदुकीच्या आधी दार करावे. आणि आपल्याजवळ गमावण्यासारखे काही नसते तेव्हाच माणसे जोडावीत, कारण त्या वेळी त्याची किंमत तीन रोपे असते.

जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नवे विद्यार्थी येतात. एक ट्रंक, एक वळकटी, आणि कोणाशीही ओळख नाही. त्यांना पाहिले की मला तो किनारा आठवतो. यंदा मी पहिल्याच दिवशी दोघांच्या ट्रंका वर पोचवून आलो. मागच्या वर्षी हे मला सुचले नव्हते.

एक बाकी मात्र राहिली आहे. त्या ओढ्याकाठच्या माणसाने विचारलेला प्रश्न. त्याचे नाव मला ठाऊक नाही, आणि त्याचा चेहरा तर खेळाने दिलेला होता. म्हणून उत्तर कोठे पाठवावे ते कळत नाही. ते येथेच लिहून ठेवतो. कारण काहीच नव्हते भाई. मी घाबरलो होतो, आणि माझ्याजवळ घाबरण्याइतकेही काही नव्हते.